जे बोलत नाहीत त्यांना शेजारी बसवा

एकतीस वर्षं मी खेड्यांतल्या पोरांना इंग्रजी शिकवलं. शिकवलं म्हणजे, हजेरीपटावर तसं लिहिलेलं आहे. या अंकाच्या संपादकांनी 'वर्गनियंत्रणाचे अनुभव लिहून द्या' म्हणून फोन केला, तेव्हा मी ती बातमी मोठ्या ऐटीत घरात सांगितली. बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणाचं नियंत्रण? तुमचं वर्गावर, का वर्गाचं तुमच्यावर?"

प्रश्न बराबर होता. त्याचं उत्तर म्हणून हा लेख.

बाहेरच्या माणसाला वाटतं, इंग्रजीच्या मास्तराची अडचण म्हणजे इंग्रजी. तसं नसतं. ते तर पुस्तकात छापलेलं असतं, खाली शब्दार्थही असतात. खरी अडचण आवाजाची. गणिताच्या तासाला पोरं गोंगाट करतात, मास्तर ओरडतो, पोरं गप्प होतात आणि गप्प बसून गणित सोडवतात. मिटला विषय. इंग्रजीचं तसं नाही. इथं पोरानं बोललं पाहिजे. गप्प बसवलं तर भाषा येत नाही, आणि बोलू दिलं तर ते बोलतं मराठीतून, आणि तेही शेजारच्याच्या म्हशीबद्दल. म्हणजे पोराचं तोंड उघडायचं, आणि उघडल्यावर त्यातून दुसरंच काहीतरी काढायचं. हे काम दाताच्या डॉक्टरचं आहे, मास्तरचं नाही.

यातून पोरांनी एक मधला मार्ग काढलेला असतो. त्याचं नाव 'यस सर'. सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी या 'यस सर'वर इतका खूश होतो, की घरी पत्र लिहिलं, मुलांना सगळं समजतं. सहा महिन्यांनी शंका आली. एक दिवस मी इंग्रजीत म्हणालो, "माझ्या डोक्यावर एक उंट बसला आहे. समजलं?"

"यस सर!"

"तो उंट तुमचं सगळ्यांचं दप्तर खाणार आहे. समजलं?"

"यस सर!" या वेळी जरा जास्तच उत्साहानं.

तेव्हापासून मी उपाय शोधत राहिलो. त्यातले बरेचसे माझ्यावरच उलटले. त्यातला सगळ्यात मोठा जो उलटला, तो सांगतो. गाव सेनगाव तालुक्यातलं, पुसेगावपासून फार लांब नाही. नाव सांगत नाही, कारण यातली सगळी माणसं ठणठणीत आहेत आणि माझा पत्ता त्यांना ठाऊक आहे.

निवृत्तीला चार-पाच वर्षं उरली असताना हिंगोलीला आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथं एक तरुण प्रशिक्षक होता, कडक इस्त्रीचा. त्यानं सांगितलं, वर्गातला गोंगाट छडीनं थांबत नाही, बैठकव्यवस्थेनं थांबतो. कोण कुणाशी बोलतं ते आठ दिवस नुसतं बघा, कागदावर टिपा, आणि मग त्यांना लांब लांब बसवा. जे एकमेकांशी बोलत नाहीत त्यांना शेजारी बसवा. गोंगाट आपोआप बंद.

मला ते फार पटलं. इतकं सोपं आपल्याला इतकी वर्षं सुचलं कसं नाही, असं वाटलं. (साधी युक्ती आपल्याला सुचली नसेल, तर त्यामागे काहीतरी कारण असतं. हे मला आता कळतं.)

मी आठ दिवस आठवीच्या वर्गाकडे नुसता बघत बसलो. बेचाळीस पोरं. कोण कुणाकडे खोडरबर मागतं, कोण कुणाच्या कानाला लागतं, सगळं टिपलं. आणि त्याहून बारकाईनं टिपलं, ते कोण कुणाकडे ढुंकूनही बघत नाही ते. एका रविवारी घरी बसून रंगीत पेनांनी नकाशा काढला. सोमवारी पोरांना त्याबरहुकूम बसवलं.

काय सांगू! वर्गात अशी शांतता पसरली, की बाहेर लिंबाच्या झाडावरचा कावळा कशाची तरी काळजी वाटल्यासारखा खिडकीत येऊन बघून गेला. पोरं एकमेकांकडे पाठ करून ताठ बसलेली. मी दोन दिवस त्या शांततेत न्हाऊन निघालो. हेडमास्तरांना बोलावून दाखवली. शेजारच्या शाळेतल्या मास्तरांना फोन करून सांगितली. तिसऱ्या दिवशी धडा आला संवादाचा. मी म्हणालो, "नाऊ टॉक टू युवर पार्टनर." शेजाऱ्याला विचारायचं, तू कसा आहेस, तुझ्या घरी कोण कोण आहे.

एकही तोंड उघडेना. मी पुन्हा सांगितलं. मराठीतून सांगितलं. ओरडून सांगितलं. शेवटी एक पोरगं उठलं आणि म्हणालं, "सर, आमचं बोलणं बंद हाय."

"कुणाचं?"

"सगळ्यायचंच की."

दुपारी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शांतामावशींनी माझ्या टेबलावरचा तो रंगीत नकाशा बघितला. मावशी त्याच गावच्या. त्यांनी पदराला हात पुसले, बोट ठेवत ठेवत नावं वाचली आणि खाली बसून हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

"सर, ह्यो काय केला हो? ह्यो दोघायचा बांधाचा वाद. ह्येच्या पणज्यानं त्येच्या पणज्याचा बैल कोंडवाड्यात घातलता. ह्या दोघी निवडणुकीतल्या. आन ह्ये तर... अवो, गावातली समदी भांडणं तुमी बाकावर मांडून ठिवली की! तहशिलदाराला एवढं बराबर जमलं नसतं."

बहुतेक पोरांना स्वतःला त्या भांडणातलं काही ठाऊक नव्हतं. घरचं बोलणं बंद म्हणून आपलंही बंद, एवढंच. आमच्याकडे हा रिवाज आहे. भांडण मिटत नसेल तर ते वाढवत नाहीत, फक्त बोलणं बंद करतात. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. समोरासमोरच्या दारांत बसून दोन माणसं वीस वर्षं एकमेकांच्या डोक्यावरून आभाळ बघतात.

आठवड्याभरात आई-बाप शाळेत आले. "आमच्या लेकराला त्येच्यापशी काहून बसवलं?" मी एकेक जोडी मोडत गेलो. शेवटी नकाशातली एकच जोडी उरली, कारण तिच्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. पल्लवी आणि अश्विनी. सख्ख्या भावांच्या मुली, म्हणजे चुलत बहिणी.

पल्लवीचे वडील बाबाराव हे थोरले आणि अश्विनीचे वडील माणिकराव धाकटे. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत, हळद वाळवायला एकच अंगण. आमच्याकडे हळद फार. शिजवली की ती लगेच उन्हात पसरावी लागते, ढिगात राहिली तर रंग जातो. आदल्या साली बाबारावांनी आपली हळद सगळ्या अंगणभर पसरली आणि माणिकरावांची शिजलेली हळद दोन दिवस ढिगात बसून काळवंडली. चूक झाली होती. पण थोरल्यानं चूक कबूल करायची तर कशी, आणि धाकट्यानं ती सोडायची तर का? दोघांनी मारुतीच्या पारावर, चार लोकांसमोर, आईची आण घेतली, की एकमेकांच्या घराशी एक शब्द बोलणार नाही. त्याच दिवशी दोघंही घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडले. त्या ग्रुपवर आता फक्त नांदेडच्या आत्याबाई सकाळी फुलं पाठवतात, असं पल्लवीनं मला सांगितलं.

या दोघी मात्र जन्मल्यापासून एका पाळण्यात, एका ताटात वाढलेल्या. त्यांना ही आण फार जड जात होती. माझ्या नकाशानं त्यांना एका बाकावर आणलं, तेव्हा त्यांनी जो शोध लावला तो मला इतक्या वर्षांत लागला नव्हता. पल्लवीनं घरी जाऊन सरळ बापाला विचारलं, "दादा, सर आमाला शेजारणीसंग इंग्रजी बोलाया लावतेत. ते बी न्हाई बोलायचं का?"

बाबारावांनी विचार केला म्हणे. मग म्हणाले, "ते अभ्यास हाय. अभ्यास म्हंजी बोलणं न्हाई."

माणिकरावांनीही तोच निकाल दिला. शेवटी भाऊच ते. डोकं एकाच साच्यातलं.

झालं. धरणाचं दार उघडावं तशा त्या पोरी सुटल्या. अट एकच, मराठीचा शब्द आला की आण मोडली. त्यामुळे मधल्या सुट्टीत, हातपंपावर, खिचडीच्या रांगेत, सगळीकडे इंग्रजी.

"गिव्ह स्केल."

"नो गिव्ह. यस्टरडे यू ब्रोक माय पेन."

"आय नॉट ब्रोक. पेन ब्रोक पेन."

व्याकरणाच्या नावानं आनंद होता. पण मंडळी, ते बोलणं होतं! माझ्या वर्गात प्रथमच कुणीतरी कुणाला तरी खरोखर काहीतरी सांगायचं म्हणून इंग्रजीत बोलत होतं. मी खिडकीआड उभा राहून ऐकायचो. एखाद्या चुकीच्या क्रियापदावर माझा लाल पेन शिवशिवायचा, पण मी तो खिशातच ठेवला. माझ्या नोकरीतली ही सगळ्यात चांगली गोष्ट, आणि ती काहीच न करता झालेली.

थोड्याच दिवसांत दोघींच्या आयांच्या लक्षात आलं, की ही तार आपल्यालाही वापरता येईल. त्या जावाजावांनाही बोलायची चोरी होती. मग निरोप सुरू झाले. एक दिवस पल्लवी धावत स्टाफरूममध्ये आली.

"सर, विरजणाला इंग्रजीत काय म्हणतेत?"

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. पंचवीस-सव्वीस वर्षं मी 'माय एम इन लाइफ' शिकवत आलो होतो. ताजमहालाचं वर्णन मला झोपेत विचारा. विरजण माझ्याकडे नव्हतं. मी घड्याळ बघितलं, खडू शोधला, शब्दकोश उघडला. शेवटी म्हणालो, "अं... लिटल कर्ड."

"लिटल कर्ड म्हंजी थोडं दही, सर. विरजण म्हंजी दुसऱ्या दह्याची आई."

ती गेली. थोड्या वेळानं व्हरांड्यातून आवाज आला, "अश्विनी! माय मदर वॉन्ट कर्डचा मदर!" तो मधला 'चा' आला म्हणून दोघींनी कान धरले, मारुतीची माफी मागितली आणि वाक्य पुन्हा नीट म्हटलं. संध्याकाळी भिंतीवरून वाटी गेली.

त्यानंतर मला रोज परीक्षा द्यावी लागे. म्हैस अडली याला काय म्हणायचं? हळदीच्या बेण्याला काय? 'काकू रुसली' याला काय? रात्री जेवताना मी शब्दकोश घेऊन बसायचो. बायको म्हणायची, "निवृत्तीला आले, आता का अभ्यास?"

आता यात माझं जे चुकलं ते सांगतो.

या दोघींची कीर्ती आमच्या केंद्रप्रमुख साहेबांच्या कानावर गेली. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे अधिकारी. माणूस चांगला, पण वहीत शेरे लिहायची फार हौस. ते म्हणाले, "पुढच्या शिक्षण परिषदेत आदर्श पाठ तुम्हीच घ्या. तुमच्याच शाळेत, पालकांसमोर." सगळ्या शाळांचे मास्तर मागे बसणार आणि मी पुढे शिकवणार. सबंध नोकरीत मला कुणी आदर्श म्हटलं नव्हतं. मी आरशासमोर उभा राहून टायची गाठ शिकलो.

त्याच सुमाराला पल्लवीच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. दोघी माझ्याकडे आल्या. या वेळी पल्लवी मराठीत बोलली आणि अश्विनी गप्प उभी राहिली, कारण दोघींपैकी एकीनंच मराठी बोललं तर आण मोडत नाही, असा त्यांचा हिशोब.

"सर, ताईच्या लग्नात आमी दोघी करवल्या व्हणार होतो. लहानपणापासूनचं ठरल्यालं हाय. एका रंगाचे परकर-पोलके बी ठरले. आता ह्ये बोलणं बंद हाय तर अश्विनी यायची न्हाई. तुमी दादाला आन काकाला एकदा म्हणा ना. तुमचं ऐकतेत ते."

खरंच ऐकत होते. बाबारावांचं शेत शाळेच्या भिंतीला लागून. कुंपणाशी उभं राहून पंधरा वर्षं आमची ओळख. एक शब्द टाकला असता तर निदान चहाला दोघं एका जागी बसले असते.

आणि माझ्या डोक्यात काय आलं? भाऊ बोलायला लागले, की पोरीही मराठीत बोलायला लागणार. पोरी मराठीत बोलायला लागल्या, की माझा आदर्श पाठ बुडाला. मी म्हणालो, "बघू. पाठ एकदा होऊ दे, मग मी बोलतो."

अश्विनीनं माझ्याकडे बघितलं.

मधे साखरपुडा होऊन गेला. मला आमंत्रण होतं, जिलेबीही खाल्ली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी सवयीनं विचारलं, काल तुम्ही काय पाहिलं ते एका वाक्यात सांगा. नेहमीचा सराव. अश्विनी उभी राहिली.

"यस्टरडे आय हर्ड बँड," ती म्हणाली. "फ्रॉम माय होम. ओन्ली हर्ड."

काळ, क्रियापद, सगळं बिनचूक. मी 'गुड' म्हणालो आणि फळ्याकडे तोंड केलं. तो 'गुड' अजून मला कुठेतरी टोचतो. पण तरीही मी बाबारावांकडे गेलो नाही. पाठ पंधरा दिवसांवर आला होता.

पाठाची तयारी म्हणजे तक्ते, मुखवटे, कागदी फळं. मी त्यात इतका गुंतलो, की पालकांना कुठं बसवायचं हे काम पल्लवी आणि अश्विनीवर सोपवलं. "व्हरांड्यातली बाकं आणा, प्रत्येक जागेवर नावाची चिठ्ठी चिकटवा, म्हणजे गोंधळ नको," म्हणालो. दोघींनी एकदम मान डोलावली. "यस सर." तेव्हाच मला तो उंट आठवायला हवा होता.

पाठाच्या दिवशी वर्ग खचाखच. मागे मास्तर लोक, डाव्या भिंतीला पालकांची बाकं, कोपऱ्यात वही उघडून साहेब. दारात शांतामावशी हात पुसत उभ्या. मी टायमध्ये. घाम कानामागून खाली येत होता. सगळ्या वर्गाला उभं करून मी प्रश्न विचारायला लागलो. पोरांनी कडक उत्तरं दिली. पल्लवी आणि अश्विनी तर असं बोलल्या, की मागच्या बाकावर कुणीतरी "वा!" म्हणालं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझी छाती दोन बोटं फुगली.

तेवढ्यात माणिकराव आले. उशीर झालेला, डोक्यावरचा रुमाल हातात. त्यांनी भिंतीलगतच्या बाकांकडे बघितलं. एकच जागा रिकामी होती आणि तिच्यावर त्यांच्या नावाची चिठ्ठी होती. शेजारी बाबाराव.

मग मी बाकांकडे पहिल्यांदा नीट बघितलं. बांधाच्या वादातले दोघं शेजारी. निवडणुकीतल्या दोन आया शेजारी. कोंडवाड्यातल्या बैलाचे दोन नातू शेजारी. सगळे ताठ, आपापल्या समोरचं आभाळ बघत. तो माझाच नकाशा होता. त्या दोघींनी माझ्या कपाटातून काढून तो पोरांऐवजी बापांवर बसवला होता.

माणिकराव दारातच थांबले. आत येईनात, मागं जाईनात. सगळं गाव बघत होतं. मी पुढचा प्रश्न विसरलो. पोरं उभी, मी उभा, माणिकराव उभे. पल्लवीनं अश्विनीचा हात धरलेला मला दिसला, बोटं पांढरी पडेतो. त्या दोघींचं सगळं काही त्या एका रिकाम्या जागेवर होतं, आणि ते मी महिनाभर 'बघू' म्हणून ठेवून दिलं होतं.

बाबारावांनी घसा साफ केला. भावाकडे बघितलं नाही. समोरच्या कागदी केळ्याकडे बघत, बाकावर हात आपटून, खणखणीत आवाजात म्हणाले,

"सिट डाऊन!"

आणि माझा सगळा वर्ग, बेचाळीसच्या बेचाळीस पोरं, धाडकन खाली बसली.

काय झालं ते कळायला मला दोन क्षण लागले. भिंतीपलीकडच्या शेतात पंधरा वर्षं हा माणूस माझं ओरडणं ऐकत होता. स्टँड अप, सिट डाऊन, सायलेन्स, गेट आऊट. मी त्या गावाला दिलेली एकूण इंग्रजी एवढीच. त्यातला एक शब्द त्यांनी निवडून ठेवला होता. आण मराठीतून न बोलण्याची होती. हे तर अभ्यासात बसत होतं.

मागचे मास्तर लोक हसायला लागले. शांतामावशींनी पदर तोंडात कोंबला. माणिकराव मात्र हसले नाहीत. ते हळूहळू आले, स्वतःच्या नावाची चिठ्ठी बाकावरून नीट सोडवली, खिशात ठेवली आणि बसले. बऱ्याच वेळानं, कागदी केळ्याकडेच बघत, म्हणाले, "थँक्यू."

मी पोरांना पुन्हा उभं करायला गेलो. ती उठेनात. थोरल्या माणसानं बसा म्हटलंय तर मास्तरचं काहून ऐकायचं? उरलेला पाठ बसून झाला, आणि कुणाला आठवतही नाही कशावर झाला. पालकांच्या बाकांवरून अधूनमधून "यस", "नो" असे दबके आवाज येत होते. बैलाच्या नातवांपैकी एकानं दुसऱ्याला "पान?" असं विचारलं आणि ते इंग्रजी आहे की मराठी यावर दोघंही बुचकळ्यात पडलेले मी बघितले.

साहेबांनी शेरा लिहिला तो मला पाठ आहे. 'पालकांचा सहभाग उत्कृष्ट. शिक्षकांनी वर्गावरील नियंत्रण सुधारावे.'

त्या संध्याकाळी मी शेवटी कुंपणाशी गेलो. उशिरा का होईना, शब्द टाकायला. बाबाराव पाणी देत होते.

"बाबाराव, माणिकरावांशी..."

"झालं ते, सर," ते म्हणाले. "मघाशी घरी गेलतो त्येच्या. म्हणलं, कम. त्यो म्हणला, यस. च्या पेलो. आमच्या दोघायची इंग्रजी तिथं सरली." फावडं त्यांनी बांधाला टेकवलं. "मंग मराठीत बोलावं लागलं. काय करता?"

"आणि आण?"

"मारुतीला नारळ फोडतो म्हणलं. त्येला कुठं राग येतो एवढ्याचा." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "सर, पोरी म्हणत व्हत्या, महिन्यामागंच तुमाला सांगितलं व्हतं म्हून."

"व्हय," मी म्हणालो.

"असू द्या," ते म्हणाले. "म्या बी तर साल लावलं." आणि पाण्याची चारी वळवायला गेले. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

लग्नात दोन करवल्या होत्या, एका रंगाच्या. शेंदरी. अश्विनीनं मला जेवायला वाढलं आणि म्हणाली, "सर, आणखी एक घ्या ना." मराठीत. तिचा मराठी आवाज मी पहिल्यांदाच इतका जवळून ऐकला. जरा घोगरा होता.

आणि मला वाटलं होतं तेच झालं. लग्नानंतर दोघींची इंग्रजी गेली. अख्खी. वर्षभराचं साचलेलं बोलायचं होतं, त्याला इंग्रजी पुरणार कशी? पहिल्या बाकावर बसून दोघी अखंड मराठीत. काकूनं काय म्हटलं, ताईच्या सासूनं काय म्हटलं, विरजण लागलं की नाही. एकदा मी भूतकाळ शिकवत होतो. फळ्यावर वाक्य लिहून मी वळलो. चाळीस पोरं माझ्याकडे बघत होती, ओरडतो का बघायला. त्या दोघी मात्र तोंडाला तोंड लावून कुजबुजत होत्या, हसू दाबत.

हिंगोलीच्या त्या इस्त्रीवाल्या प्रशिक्षकानं सांगितलं होतं, जास्त बोलणाऱ्यांना लांब बसवा. मी खडू खाली ठेवला. 'सायलेन्स' माझ्या तोंडाशी आला होता.

मग मी खडू पुन्हा उचलला, फळ्याकडे वळलो आणि दुसरं वाक्य लिहायला लागलो. जरा हळूच लिहिलं, म्हणजे त्यांचं बोलणं पुरं होईल.